लवू मेस्त्री आणि पुसलेला आकडा

लालबागचा लवू मेस्त्री गिरणीच्या सुतारखात्यात कामाला होता, पण जीव त्याचा जुहूला, ग्लायडरच्या क्लबात. तिथलं दोन माणसांचं जुनं लाकडी ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, तो दर रविवारी जाऊन फुकट दुरुस्त करायचा. अशी बारा वर्षं! स्वतः मात्र एकदाही वर गेला नव्हता. त्या वर्षी क्लबाचे सेक्रेटरी रमाकांत कीर्तिकर, गिरगावातले वकील, यांनी शब्द दिला की दसऱ्याला तुला मागच्या सीटवर बसवून उडवतो. झालं, लवूने चाळभर सांगून ठेवलं.

आणि नेमकं सरकारी पत्र आलं. या बनावटीच्या ग्लायडरांचा पंखांतला सरस सुटतो; दोनशे नंबरापर्यंतच्या सगळ्यांचे सांधे नव्याने चिकटवल्याशिवाय उड्डाण बंद. काम निदान चार महिन्यांचं. त्या दिवसांत मुंबई कुणाची यावर चाळीत घसे बसत होते. लवूला मात्र एकच घोर, आपलं ग्लायडर दोनशेच्या अलीकडचं की पलीकडचं.

नंबर पितळी पट्टीवर होता. होता म्हणजे, शेवटचं एकतीस तेवढं शिल्लक होतं. त्याआधीचा आकडा एक की दोन, देव जाणे. कारण आमचे लवूशेठ दर खंडेनवमीला हत्यारांबरोबर त्या पट्टीचीही पूजा करायचे, आणि आधी चिंच नि विटेची पूड लावून ती अशी घासायचे की खाष्ट सासूनेही सुनेकडून भांडी तशी घासून घेतली नसतील. भक्तीने आकडा खाल्ला. कागद म्हणाल तर ते वाळवीने कधीच फस्त केलेले.

कीर्तिकर वकीलच ते. म्हणाले, आकडाच दिसत नाही तर पत्र लागू आहे हे सिद्ध कोण करणार? दसरा ठरलेलाच. लवूला हे इतकं पटलं की घरी जाऊन त्याने बायकोला, सुभद्रेला, सगळा मुद्दा वकिली थाटात समजावला. तिने तांदूळ निवडता निवडता विचारलं, "माका बसयशात त्येच्यात?"

बायकोला त्यात बसवायचं म्हटल्यावर लवूचा सगळा वकिली थाट उतरला.

पुढच्या रविवारी त्याने पंखाचं कापड एका जागी उसवलं आणि सांध्यावर नख फिरवलं. सरस पिठासारखा गळला. आकडा काही का असेना, दुरुस्ती लागू होती. कीर्तिकरांना तसं सांगून तो हँगरमागे गेला आणि चक्क रडला. दसऱ्याला चाळीने त्याची जी टर उडवली ती वेगळीच.

मग चार महिने खपून त्याने एकूण एक सांधा जोडला. सरकारी साहेबाने पाहून पास केला. चाचणीच्या सकाळी कीर्तिकर पुढे बसले, पट्टा आवळला आणि म्हणाले, "लवू, सांधे तू जोडलेस. मागे तूच बस."

ज्यासाठी इतकी वर्षं तळमळला, ती सीट समोर रिकामी होती. लवूने टोपी काढली, एक पाय आत टाकला आणि सुभद्रेचा प्रश्न आठवून तसाच थांबला. मग पाय बाहेर घेऊन अगदी नरमाईने म्हणाला, "साहेब, आजचा दिवस राहू द्या. डाव्या पंखाचा एक सांधा परत बघतो."