पुसायचा आवाज

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात शेवटचं गाणं माझ्या मुलीचं असे आणि पहिल्या रांगेतली मधली खुर्ची माझी. तिच्यासाठी बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून साडी मीच आणायचो. "गाणारीचे बाबा" अशी कुणी ओळख करून दिली की माझी छाती फुगायची. बायको गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो होतो. मुलगी गायची म्हणून ते घर वाटायचं.

तिच्या खोलीत कोरियातल्या एका गायिकेचा फोटो होता. कोवळ्या वयात तीन-चार मुलींबरोबर नाचत-गात पुढे आलेली ही बाई एक दिवस स्टेजवरून उतरली आणि दुसऱ्यांसाठी गाणी लिहू लागली, त्यांची रेकॉर्डिंगं उभी करू लागली. हे मला मुलीनं जेवताना सांगितलं आणि लगेच म्हणाली, "बाबा, मी पण तेच करणार आहे. यंदा मंडळात नाही गाणार."

"काहून? देवानं इतका आवाज दिला, त्याचं काय लोणचं घालायचं?"

"गाणं कुठं सोडून राहिली मी? फक्त समोर नाही येणार."

तिनं खोलीत दोऱ्या बांधून चारही बाजूंनी गोधड्या टांगल्या, रस्त्यावरचा आवाज आत येऊ नये म्हणून. आत बसून ती चाली बांधायची. कामाची रीतही तिनंच समजावली. गाणं तयार झालं की बनवणारा आधी स्वतः गाऊन ठेवतो, त्याला डमी म्हणतात. गायिका ती ऐकून गाणं शिकते. तिचं रेकॉर्डिंग झालं की डमी पुसून टाकायची.

"म्हणजे स्वयंपाक तू करणार नि पंगतीला दुसरेच बसणार," मी म्हणालो. ती हसली. मला काही हसू आलं नाही.

पुढे ती मुंबईला कामाला गेली आणि मी तोंड फुगवून बसलो. फोन आला की तब्येतपाणी विचारून ठेवून द्यायचो. अशात एकदा तिनं मोबाइलवर एक गाणं पाठवलं. खाली लिहिलं होतं, "बाबा, ही डमी आहे. इथली पुसून टाकली, आता फक्त तुमच्याजवळ आहे. ऐका." मी ते उघडलंच नाही. गायचं असेल तर मंडळात येऊन गा म्हणावं, असा माझा ताठा. आज स्वतःचीच लाज वाटते.

हिवाळ्यात तिचा फोन आला तेव्हा वाटलं, खरखरीत आवाजाची कुणी अनोळखी बाई बोलतेय. घशाचं ऑपरेशन झालं होतं. मला काळजी नको म्हणून आधी कळवलंही नव्हतं. "आता आवाज असाच राहील म्हणतात डॉक्टर. तुम्ही टेन्शन नका घेऊ, काम चालू आहे. डमी दुसरी मुलगी गाते आता."

फोन ठेवला आणि घाईघाईनं ते गाणं उघडायला गेलो. उघडेना. मोबाइलच्या दुकानात घेऊन गेलो, तर दुकानदार म्हणाला, "अंकल, बहुत पुराना हो गया. आपने डाउनलोड ही नहीं किया था. जिसने भेजा है, उनसे दोबारा मँगा लीजिए." तिच्याकडे ते कुठलं असायला? मी तसाच नदीवर, ग्वारीघाटावर गेलो आणि पायऱ्यांवर बसून रडलो. या वयात, चारचौघांत.

पुढच्या रविवारी तिनंच विषय काढला. "बाबा, ती डमी ऐकली होती न तुम्ही?"

"ऐकली न. दोन-तीनदा."

"अच्छा? कोणती ओळ आवडली?"

"शेवटची," मी म्हणालो.

ती त्याच खरखरीत आवाजात म्हणाली, "शेवटी शब्दच नव्हते, बाबा. आई काम करताना गुणगुणायची न, तेवढंच होतं."

मी फोन कानाला लावून उभा होतो.

"चलो, ठेवते," ती म्हणाली. "जेवून घ्या तुम्ही."