मनासारखं वागणारं गाव

डॉ. यमुनाताई खरवंडीकर यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता : "तुमच्या गावात शेवटचा खून कधी झाला?"

मी नुकताच जर्मनीत एर्लांगेनला पोचलो होतो, त्यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करायला. त्यांच्या घरचं ते पहिलंच जेवण. पानात वरणभात, वर लिंबाची फोड, आणि समोर हा प्रश्न. मी बार्शीचा. खूप आठवून पाहिलं आणि म्हटलं, "आठवत नाही." "आठवत नाही की माहीत नाही?" ताईंनी विचारलं. त्यांची शाळकरी मुलगी मीरा, जिला मराठी सगळं कळतं पण उत्तर जर्मनमध्येच येतं, वैतागून म्हणाली, "मामा, निश्त बाइम एसेन." 'मामा' म्हणजे आई; जेवताना नको, असं तिचं म्हणणं. ताईंचे यजमान माधवराव म्हणाले, "अगं, त्यांना भात तरी खाऊ दे." ताईंनी खाऊ दिला आणि ताकाच्या वेळी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

ताईंच्या एकसष्टीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी 'ताईंचं कार्य आणि विचार' यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी चटकन हो म्हणालो. आता लिहायला बसल्यावर ध्यानात येतं, की कार्य सांगता येईल. विचार सांगताना माझी पंचाईत होणार आहे. गरिबी, बेकारी, उत्पन्नातली दरी यांचा माणसांच्या हिंसक मृत्यूंशी काय संबंध आहे, हा ताईंचा आयुष्यभराचा विषय. मी त्यांच्या हाताखाली काही वर्षं काढली. तरी 'काय संबंध आहे' असं कोणी विचारलं तर मी आजही गडबडतो. "गरिबीमुळे खून होतात" असं मी म्हटलं, की ताई पूर्वेकडच्या एखाद्या गावाचं उदाहरण देत. तिथला कारखाना बंद, निम्मी घरं रिकामी, तरणी पोरं पश्चिमेला गेलेली, आणि उरलेले लोक एकमेकांवर हात उचलत नाहीत. "म्हणजे संबंध नाही," असं म्हटलं, की त्या चिडत. "असं बोलायला तू काय वाल्डॉर्फला, त्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या श्रीमंत गावात, बंगला बांधलायस का?" मग मी गप्प बसे. गप्प बसलेलंही त्यांना चालत नसे.

माणूस म्हणून ताई कशा आहेत, हे सांगणं त्या मानाने सोपं. व्हिसा वाढवून घ्यायला आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कचेरीत, जायचं म्हटलं की आम्ही विद्यार्थी दिवस पुढे ढकलत राहायचो. ताई स्वतः सोबत येत. रांगेत उभ्या राहून डब्यातल्या चकल्या वाटत, आमच्या मागच्या-पुढच्या अनोळखी लोकांनासुद्धा. चकली दिली, की घेणाऱ्याला त्याच्या गावात शेवटचा खून कधी झाला ते विचारत. लोक सांगतही. त्या रांगेत मी जगाबद्दल जे ऐकलं ते ग्रंथालयात मिळालं नाही.

ताईंची काम करण्याची एक पद्धत होती आणि या लेखाचा सगळा गुंता त्या पद्धतीपाशीच आहे. आकड्यांचा आलेख काढला, की बहुतेक गावं एका रेषेच्या आसपास बसतात आणि काही फटकून राहतात. फटकून राहणाऱ्या गावांकडे सगळेच अभ्यासक संशयाने बघतात. ताई मात्र जे गाव आपल्याला हवं तसं अगदी नेमकं बसतं, तिथे आधी जात. "जो विद्यार्थी माझ्या मनासारखं उत्तर देतो, त्याची वही मी दोनदा तपासते," असं त्या म्हणत. गावात जायचं, जेवायचं, बसस्टॉपवर बसायचं, लोकांशी बोलायचं, एवढाच त्याचा विधी.

एका वर्षी असं एक गाव आमच्या हाती लागलं. नाव सांगत नाही. दक्षिणेतलं, सुखवस्तू, इंजिनियर आणि डॉक्टरांचं. पण त्यांच्या घरांना लागूनच त्यांच्याकडे साफसफाई करणाऱ्यांच्या वस्त्या. आमच्या तक्त्यात तिथलं हिंसक मृत्यूंचं प्रमाण चांगलंच वर दिसत होतं. ताईंचं मत असं, की माणूस नुसत्या गरिबीने पेटत नाही, शेजारच्या श्रीमंतीने पेटतो. आणि हे गाव त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला उभंच होतं. मी तर हरखून गेलो होतो. तेव्हा आमच्या शहराच्या कडेच्या एका वसाहतीतलं तरुणांचं केंद्र चालू ठेवायचं की बंद करायचं, हे एक समिती ठरवणार होती. तिथे संध्याकाळी बेकार पोरं येत, टेबल टेनिस खेळत, कोणीतरी त्यांना अर्ज भरायला मदत करी. ताईंना ते केंद्र मनापासून हवं होतं. अशा वस्तीत पैसा घातला तर जीव वाचतात, असं त्यांनी समितीला लिहिलं होतं आणि सोबत तो तक्ता आधीच पाठवला होता. बैठक सोमवारी होती. शुक्रवारी ताई म्हणाल्या, "चला, त्या गावात जाऊन येऊ."

आम्ही रिजनल ट्रेनने गेलो. बेकरीत बसलो. ज्याला विचारावं तो सायकलचोरीबद्दल बोले. वस्तीतल्या बायकांनाही विचारलं, त्यांची तक्रार भाड्याची आणि जिन्यातल्या उजेडाची. कोणालाच एकही खून आठवेना. मी म्हटलं, "लोक लपवत असतील." तेवढ्यात डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं आणि समोरच्या मोठ्या इस्पितळाच्या छपरावर उतरलं. ताई हातातला ब्रेट्सेल, तो पिळाचा खारा पाव, तसाच ठेवून वर बघत राहिल्या.

"इथे लोक मारले जात नाहीत," त्या सावकाश म्हणाल्या. "इथे आणले जातात आणि इथे मरतात."

तेव्हा मला कळलं. आजूबाजूच्या सगळ्या जिल्ह्यांतले भोसकलेले, मारहाणीत जखमी झालेले लोक त्या इस्पितळात येत होते. आम्ही मृत्यू मोजले होते ते माणूस जिथे मेला त्या जागेवर. त्याला जिथे मारलं तिथे नाही. मोजायची पद्धत ताईंनीच ठरवली होती. शनिवार-रविवार बसून आम्ही सगळा हिशेब नव्याने केला. मोठी इस्पितळं असलेली कितीतरी गावं खाली आली. दरीचा आणि खुनांचा संबंध उरला, पण पुसट, 'असेलही' म्हणण्याइतका.

मी सुचवलं, की तक्त्याबद्दल काहीच बोलू नये. केंद्र चांगलं आहे, आपल्यालाही माहीत आहे, मग हात दाखवून अवलक्षण कशाला? ताई म्हणाल्या, "तो तक्ता त्यांच्या हातात आहे. तो चूक आहे हे मला माहीत आहे. आता मी तिथे दुसरं काय बोलू, तू सांग."

सोमवारी त्या समितीपुढे उभ्या राहिल्या आणि तक्ता मागे घेतला. चूक माझी, म्हणाल्या. केंद्र चालवावं असं मला अजूनही वाटतं, पण त्याने जीव वाचतात हे मी सिद्ध करू शकत नाही, असंही म्हणाल्या. अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. "तर मग, फ्राउ प्रोफेसर, गरिबीने माणसं मरतात की नाही?" ताई म्हणाल्या, "किती, ते मला माहीत नाही." केंद्र बंद झालं.

पुढच्या वर्षी त्याच वसाहतीत तोबियास लेमान नावाचा एक तरुण मारला गेला. बसस्टॉपवरचं भांडण, कोणाच्या तरी खिशात सुरी. पूर्वी तो संध्याकाळी त्या केंद्रात जात असे. केंद्र चालू असतं तर तो त्या वेळी तिथे असता, असं मला वाटलं. मग वाटलं, हे मला कसं माहीत? हजारो मृत्यूंबद्दल अंदाज बांधायला मी शिकलो होतो. एका मृत्यूबद्दल काहीच सांगता येत नव्हतं. ताईंचा मला भयंकर राग आला आणि त्यांच्याबद्दल आदरही वाटला, आणि हे दोन्ही एकमेकांना हटवायला तयार होईनात. थोड्याच दिवसांत प्रबंध पुरा करून मी एश्बॉर्नला एका कंपनीत नोकरी धरली. तिथे मी विम्याची सॉफ्टवेअरं लिहितो. तिथे कोणी असले प्रश्न विचारत नाही.

ताई मात्र तोबियासच्या आईला, फ्राउ लेमान यांना, भेटायला गेल्या. केंद्र का बंद झालं आणि त्यात आपला वाटा काय, हे त्यांनी स्वतः त्यांना सांगितलं. तेव्हापासून त्या दर महिन्याला जातात. मागच्या महिन्यात मीही सोबत गेलो. ताई स्वयंपाकघरात कॉफी करत होत्या, त्या घरातली भांडी कुठे असतात ते त्यांना पाठ झालं आहे. मी धीर करून फ्राउ लेमान यांना विचारलं, तुम्हाला यांचा राग येत नाही का?

"हो, येतो ना," त्या म्हणाल्या. "समितीतल्या सगळ्यांचाच येतो. पण राग काढून घ्यायला या एकट्याच येतात."

परतताना ट्रेनमध्ये मी ताईंना विचारलं, तेव्हा आपण बरोबर केलं का? "मला माहीत नाही," ताई म्हणाल्या. "तुझं काय मत?" माझं मत अजून झालेलं नाही. गौरवलेखात असं लिहू नये हे मला कळतं, पण ताईंबद्दल खोटी खात्री दाखवणं हे त्याहून वाईट होईल.

यमुनाताई, आपल्याला निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो. फ्राउ लेमान यांनाही लाभो. त्यांचा राग अजून पुष्कळ शिल्लक आहे, आणि तो ऐकायला आपण हव्या आहात.