काकूआजीचं इंग्रजी

बाळांनो,

काकूआजी हल्ली फोनवर का येत नाही, हे तुम्ही गेल्या रविवारी दोनदा विचारलंत आणि मी दोन्ही वेळा विषय बदलला. म्हणून आज लिहिते आहे. मराठीत लिहिते, आई वाचून दाखवेल. इंग्रजीत लिहायला बसले की मी आजी राहत नाही, प्राध्यापिका होते.

माझ्या या धाकट्या जावेइतकं बेधडक इंग्रजी अख्ख्या इंदुरात दुसरं कोणी बोलत नसेल. माहेर मल्हारगंजातलं, शाळा हिंदी, तीही अकरावीपर्यंत. पण इंग्रजी ही शिकायची गोष्ट आहे असं तिला कधी वाटलंच नाही. ती ते सरळ वापरते. गल्लीतल्या कुत्र्याशी फक्त इंग्रजीत बोलते, कारण तिच्या मते कुत्र्यांना मराठी कळत नाही. तिचं भांडण मराठीत सुरू होतं, हिंदीत तापतं आणि 'गेट आऊट'वर संपतं, मग समोरचा स्वतःच्याच घरात का उभा असेना. पोटाचं दुखणं मराठीत सांगितलं तर डॉक्टर हलकं औषध देतात, अशी तिची खात्री. "डॉक्टरसाब, व्हेरी जळजळ, फुल नाइट!" असं ती म्हणते, आणि माझी नीटनेटकी वाक्यं मान वर न करता ऐकणारे डॉक्टर पेन खाली ठेवून तिच्याकडे बघतात. "भिया, लास्ट प्राइस बोलो, फायनल," म्हटलं की भाजीवाला हसून मूठभर कोथिंबीर जास्त टाकतो. मी छत्तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं. मला कोणी कधी काडीभर कोथिंबीर जास्त दिली नाही.

"वहिनी, तुमचं इंग्रजी एकदम इस्त्रीचं," ती म्हणायची. "चुरगळेल म्हणून माणूस बसतच नाही."

हेही मी हसण्यावारी नेलं असतं. पण मधे तुम्ही होतात. दर रविवारी मी वहीत प्रश्न लिहून फोनपाशी बसायचे: शाळा, जेवण, नवं पुस्तक. तुम्ही एकेका शब्दात उत्तर द्यायचात, आणि तो शब्द चुकला तर मी दुरुस्त करायचे. मग ती पदराला हात पुसत यायची, फोन ओढून घ्यायची, आणि पुढचा पाऊण तास पलीकडून नुसतं खिदळणं. मी शेजारी बसून मटार सोलत असे. खोटं कशाला सांगू, जळत असे.

ईशान, तुझा हात मोडला तेव्हा डॉक्टर नेमकं काय म्हणाले, असं मी विचारलं. तू 'फाइन' म्हणालास. ती म्हणाली, "ए हीरो, प्लास्टर शो! क्राय केलं की नाही? मी तर इंजेक्शनलाच फुल क्राय करते!" आणि तू रडायला लागलास. शाळेत कोणी ढकललं, हे आईलाही न सांगितलेलं तू तिला सांगितलंस. त्या दिवशी मी तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. तुझं मन मोकळं झालं याचा आनंद मला दुसऱ्या दिवशी झाला.

दिवाळीपासून तिला ऐकू येईनासं झालं आहे. यंत्र आणलं, ते डबीत पडून असतं. "कानात फुल ट्रॅफिक होतो," म्हणते. तुमचं हसू ऐकू येत नाही, म्हणून ती फोनपाशी येतच नाही. आधी मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते. पाऊण तास माझा झाला. तो सात मिनिटांच्या पुढे मला नेता आला नाही.

काल मी कागदावर लिहून तिला विचारलं, मुलांना काय सांगू? ती म्हणाली, "आय मिस यू व्हेरी टू मच. जसंच्या तसं म्हणा हं वहिनी, सुधारायचं नाही." मी मोठ्यानं म्हणून पाहिलं. माझ्या ओठांकडे बघत ती म्हणाली, "करेक्ट!" इतकी साधी गोष्ट मी आजवर कोणालाच इंग्रजीत म्हटली नव्हती. मराठीत तर नाहीच.

रविवारी ते माझ्या तोंडून ऐकाल, तेव्हा दोघींपैकी कोण म्हणतंय असं विचारू नका. तिचं ऐकणं गेलं आहे. बोलणं सगळं शाबूत आहे.