न पाठवलेल्या टेस्टचं उत्तर

भुताखेताच्या गप्पा सुरू झाल्या की "चला, चहा घेऊ" म्हणून उठणारा मी माणूस. भूकंपानंतर आमच्या लातूरकडं कुणाला काय काय दिसायचं, ते घरचे सांगायचे... मी तोंडावर हसायचो. त्यामुळं हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. पण मन खातंय, म्हणून लिहितो.

लातूरला दोन वर्षं नीटची तयारी केली, नंबर लागला नाही, मग नांदेडला बी.एस्सी. हॉस्टेलला रूम नंबर ३७. पहिल्याच महिन्यात फोनवर वर्गाचा ग्रुप काढला – केमिस्ट्रीच्या शंका विचारायला. ॲडमिन मीच. आणि लातूरच्या क्लासची सवय कुठं जाते? तिकडं टेस्टमध्ये मागं पडणाऱ्यांना खालच्या बॅचमध्ये ढकलायचे. मी तेच सुरू केलं – दर रविवारी अकराला ऑनलाइन टेस्ट, सलग तीनदा शेवटचा नंबर आला की ग्रुपमधून बाहेर. मोठा शहाणा लागून गेलो होतो!

पहिली बाहेर गेली सुवर्णा. चाकूरजवळच्या खेड्यातली. हॉस्टेल मिळालं नव्हतं म्हणून अभ्यास घरूनच, नांदेडला यायची ती फक्त प्रॅक्टिकलपुरती. तिनं मला वेगळा मेसेज केला – "दादा, काढू नका. इथं विचारायला कुणीच न्हाई. घरी कळलं तर पप्पा शिक्षणच बंद करतील."

मी लिहिलं, "नियम म्हणजे नियम." आणि काढलं.

पुढच्या रविवारी ग्रुपात एकतीस जण, उत्तरपत्रिका बत्तीस. बत्तिसावी तिची. वाटलं, कुणीतरी लिंक दिली असेल. सगळ्यांना झापलं. त्याच्या पुढच्या रविवारी लिंक शेवटच्या मिनिटाला टाकली – परत तेच. माझं डोकंच सटकलं. म्हटलं, थांब, बघतोच! तिसऱ्या रविवारी टेस्ट तयार केली आणि कुणालाच पाठवली नाही. फोन खिशात घालून अकराला मेसमध्ये जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर... एक उत्तरपत्रिका आलेली. वेळ अकरा वीस. तिचं नाव, तिचा रोल नंबर. सहा प्रश्न सोडवलेले. सातव्याच्या जागी फक्त एवढंच – "हे समजलं न्हाई. कुणाला विचारू?"

तिला फोन लावला – बंद.

वर्गातल्या एका मुलीकडून गावाचं नाव घेतलं, दुसऱ्या दिवशी लातूरची बस धरली, चाकूरला उतरून टमटमनं पुढं गेलो. वाटेत देवाला एकच म्हणत होतो – पोरगी जिवंत असू दे. होय, मी म्हणत होतो!

जिवंत होती. दारात शेंगा फोडत बसली होती. मला बघून उभी राहिली. "फोन का लागत नाही?" मी विचारलं. बोलले तिचे वडील.

"फोन? फोन तिच्या भावाला दिला की, पुण्याला. ग्रुपातनं काढली त्याच दिवशी. त्यानं कार्डबी बदललं. शिकणाऱ्या पोरांनीच भायेर काढली म्हणल्यावर आपून कशाला नादी लागायचं? परीक्षेचा फॉर्मबी भरू दिला न्हाई."

"मग काका, रविवारची टेस्ट...?"

"कसली टेस्ट? रविवारी अकरा वाजले की वही घेऊन बसती खुळ्यावानी. बसंना का, म्हणलं."

मी वही मागितली. माझेच सात प्रश्न, त्याच क्रमानं. सातवा बफर द्रावणाचा होता. त्यात मी उगाच माझ्या रूमचा नंबर घुसडला होता, ०.३७. तिच्या वहीतही ०.३७. त्याखाली जागा कोरी.

"हे कुठून घेतलंस?"

"मनानंच काढले, दादा. तुमी काय विचारलं असंल, असा इचार केला... जसं सुचलं तसं लिव्हलं." मग हळूच म्हणाली, "सातवा आला न्हाई."

ओट्यावर बसून तिला सातवा समजावून सांगितला. दहा मिनिटांत आला. एवढंच हवं होतं तिला! मला रडू आवरेना. वडिलांच्या पाया पडलो, म्हटलं, पुढच्या वर्षी तरी पाठवा.

"बघू," ते म्हणाले. आपल्याकडं 'बघू'चा अर्थ काय असतो, तुम्हाला सांगायला नको.

नांदेडला येऊन नियम रद्द केला. कॉम्प्युटरवाल्या मित्राला सगळं दाखवलं, तो म्हणाला, "कुणीतरी हॅक केलं असंल." ती काय वहीतून हॅक करणार?

तुमच्यापैकी कुणाला काही कळत असेल तर खरंच सांगा. तिनं वहीत लिहिलेलं माझ्या फोनवर कसं आलं, ते मला आजही माहीत नाही. पुढच्या वर्षी सुवर्णा आली नाही. तिला बाहेर कुणी काढलं, ते मात्र मला माहीत आहे.