खंडेनवमीचं पाखरू

गोडेतेल आणि झेंडू यांचा वास एकत्र आला की आजही माझं डोकं तापतं. इतरांना त्या वासाने सण आठवतो, घासूनपुसून मांडलेली अवजारं आठवतात, आश्विनातलं निवळलेलं पिवळं ऊन आठवतं; मला मात्र आठवतो आमच्या चिंचवडच्या घरातल्या ओसरीवरचा पाट, त्या पाटावरचं एक परदेशी घड्याळ, आणि त्या घड्याळातल्या अंगठ्याएवढ्या पाखराच्या मानेवर माझे सासरे मोठ्या भक्तिभावाने सोडत असलेली तेलाची धार. वय झालं की राग निवतो, असं मला पुष्कळांनी सांगितलं. माझा निवला नाही, आणि खरं सांगायचं तर मीही त्याला कधी जा म्हटलं नाही.

पन्नास सालानंतरचे ते दिवस. पिंपरीच्या माळावर पहिले मोठे कारखाने उभे राहत होते आणि त्यांच्या भिंतींना लागणारी वीट पवनेच्या काठावरच्या आमच्या भट्ट्यांतून जात होती. घराला भाताच्या तुसाचा आणि भाजलेल्या मातीचा वास असे. धुतलेल्या लुगड्यालाही तो चिकटून राही. सासऱ्यांना सारा गाव आबा म्हणे, मी मामंजी म्हणत असे. विटेने हाताशी चार पैसे आल्यावर त्यांनी खडकीच्या छावणीत, मायदेशी परतलेल्या कुणा गोऱ्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात ते घड्याळ घेतलं. काळ्या लाकडाची चौकट, तिच्यात सोनेरी मुलाम्याची वेल, वेलीमागे एक चिमुकलं दार. तास झाला की दार उघडे, खरी पिसं लावलेलं निळसर पाखरू बाहेर येई, मान वळवी, शेपूट हलवी आणि चोच उघडून अशी काही लखलखीत शीळ घाली की ऐकणाऱ्याच्या हातातलं काम थांबावं. पोटातल्या एका लहानशा कातडी भात्यातून तो सूर निघतो, हे मला पुढे कळलं. बाजूची कळ ओढली तर पाखरू अवेळीही गात असे, आणि मामंजी ती येणाऱ्याजाणाऱ्यासाठी ओढत. "आयका, आयका, कसं गळ्यातनं गातंय!" असं म्हणताना त्यांचा चेहरा लेकीचं कौतुक सांगणाऱ्या बापासारखा होई.

आणि त्यांची खरी लेक त्याच वेळी आत भाकरी थापत असे.

माझी नणंद इंदू. मी तिला वन्सं म्हणायची, पण आमच्या वयात अंतर जवळजवळ नव्हतंच. पुण्याच्या शाळेत असताना तिथल्या गायनाच्या बाईंनी तिचा आवाज हेरला आणि शाळा सुटल्यावर तिला शिकवायला सुरुवात केली. यमन चालू होता. मग शाळेच्या संमेलनात वन्सं गायल्या, ते गावातल्या कुणीतरी पाहिलं, भट्टीवर येऊन सांगितलं, आणि यमन अर्ध्यावर थांबला. लोकांपुढं गळा काढणारी पोर आमच्या घरात न्हाई, एवढं एकच वाक्य मामंजी बोलले होते. वन्सं त्यानंतर घरात गात नसत. मात्र घड्याळ आल्यापासून कधीकधी नदीवर धुणं धुताना त्या पाखराच्या शिळेची हुबेहूब नक्कल करीत, इतकी की समोरच्या काठावरची माणसं वर झाडाकडे पाहत. ती शीळ एकदा मामंजींच्या कानावर पडली. बाईच्या जातीनं शीळ घालू नये, असं म्हणून त्यांनी चार माणसांत तिला खाली मान घालायला लावली.

त्या वर्षी दसऱ्यानंतर गायनाचे वर्ग नव्याने सुरू व्हायचे होते. बाईंनी निरोप पाठवला होता की आता आली नाहीस तर गळ्याची ही घडण पुन्हा सापडायची नाही. वन्संनी पितृपक्षात विचारलं, घटस्थापनेला विचारलं, पुन्हा एकदा पंचमीला विचारलं. मामंजी दर वेळी पानावरून उठून गेले. तिच्या ताटातलं अन्न तसंच निवत राही.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी लोखंडाला आणि यंत्राला सुट्टी. विटांचे साचे, कुदळी, पाण्याचं इंजिन, मालमोटार, सगळं धुऊन त्याला हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, आणि तेल दिल्याशिवाय पूजा पुरी म्हणायची नाही. घड्याळ हे यंत्रच, तेव्हा तेही पाटावर आलं. मामंजींनी कळ ओढून पाखराला बाहेर बोलावलं, त्याच्यावर फुलाने पाणी शिंपडलं, उघड्या चोचीवर कुंकवाची चिमूट सोडली आणि मानेवरून गोडेतेल ओतलं. तेलाबरोबर कुंकू ओघळून आत गेलं. पाखरू लाल झालं, थरथरलं, आणि दार लावून घेऊन आत गेलं. पूजेत कसूर राहू नये म्हणून त्यांनी त्याला पुन्हा बाहेर काढून नैवेद्य दाखवला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. इंजिनाने ते सारं पचवलं. त्या नाजूक भात्याला कुठून पचणार!

दसऱ्याच्या सकाळी घड्याळाची सुट्टी संपली, ते चालू केलं आणि तास पडला. पाखरू आलं, मान वळवली, चोच उघडली आणि फुस्स असा वारा सुटला. दुसऱ्या तासाला वाराही आला नाही. मामंजी काळेठिक्कर पडले. संध्याकाळी पिंपरीच्या कारखान्यातले मोठे साहेब सपत्नीक सोनं द्यायला यायचे होते, आणि ते आपट्याच्या पानांपेक्षा पाखरासाठीच येणार, हे साऱ्या आळीला सांगून झालेलं होतं.

मामंजी क्षणभरही घुटमळले नाहीत. सरळ स्वयंपाकघराच्या दारात आले. "इंदे, सांजच्याला माजघराच्या पडद्याआड बसायचं. पाखरानं चोच उगडली की शीळ घाल, त्याच्यावानीच. तुला येती, ठावं हाय मला."

माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. नवी सून होते, तरी बोलले. "मामंजी, बाईने शीळ घातलेली चालते, तर मग गायलेलं का नाही चालत?"

"सूनबाई, सनाचा दिस हाय. उगी तोंड वाजवू नगा."

मी दाराशी उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी जमिनीकडे पाहत मला हळूच म्हटलं, "आज नको." ते दोन शब्द पुढे संसारभर मला अधूनमधून ऐकू येत राहिले.  वन्संनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि हात धुतले.

संध्याकाळी साहेब आणि त्यांच्या पत्नी आल्या. दिवे लागत होते, अंगणात आपट्याच्या पानांचा ढीग पडला होता, आणि बैठकीच्या खोलीत पडद्याला अगदी लागून टेबलावर ते घड्याळ पुसूनपासून ठेवलेलं होतं. तास पडला. पाखरू आलं, चोच उघडली, आणि शीळ घुमली. इतकी अचूक, की मला सगळं माहीत असूनही मी पाखराकडेच पाहिलं. बाईसाहेबांनी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या, साहेबांनीही वाजवल्या. पुन्हा, म्हणाल्या. मामंजींनी कळ ओढली. पुन्हा शीळ. साहेब म्हणाले, काय बनवतात हो हे विलायती लोक! मामंजींनी हसत हसत आणखी एकदा कळ ओढली, मग आणखी एकदा, आणि दर वेळी पडद्यामागे माझी नणंद त्या कळीच्या हुकमाने गात होती. मला ओरडावंसं वाटत होतं. मी पदराचं टोक दातांत धरून उभी होते.

शेवटी पाखरू आत गेलं. दार मिटलं. शीळ थांबली नाही; ती लांबली, रुंद झाली, खाली उतरून तिचा स्वर झाला, आणि बंद दारामागून यमन सुरू झाला. अर्ध्यावर राहिलेला. भरल्या गळ्याचा, कुणाचीही परवानगी न मागणारा.

"अहो, हे अजून गातंय की! आत कोण आहे?" बाईसाहेबांनी विचारलं.

"कोन न्हाई, बाईसाहेब," मामंजी म्हणाले. "यंत्रच हाय ते. कळ आडकली वाटतं."

कोन न्हाई! मी पुढे झाले आणि पडदा बाजूला ओढला.

विटकरी लुगडं नेसलेल्या वन्सं धान्याच्या कणगीला टेकून बसल्या होत्या. त्यांचे डोळे मिटलेले होते. पडदा सरकल्याचं त्यांना कळलं असणार, पण त्यांनी ती जागा पुरी केली, समेवर आल्या, आणि मगच डोळे उघडले. साहेबांनी टाळीसाठी हात उचलले आणि यजमानांचा चेहरा पाहून ते खाली घेतले. या शहाण्या, शिकलेल्या माणसाचीही मला त्या घटकेला तेवढीच चीड आली. पाखराला त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. चहा घेऊन ते लवकर गेले.

मामंजी टेबलापाशी उभेच होते. वन्संकडे न पाहता म्हणाले, "परवा घड्याळ पुन्यात दुरुस्तीला न्यायचं. तू चल संगं. सूर कसा व्हता ते कारागिराला तुलाच सांगावं लागंल."

"परवा मी पुन्याला जानारच हाय, आबा," वन्सं म्हणाल्या. "गान्याच्या वर्गाला. पाखराचं तुमचं तुमी बघा."

त्या रात्री मला माझ्या रागाचं मूळ सापडलं. गाण्याचा कानच नसलेल्या माणसाला मी माफ केलं असतं. पण सकाळी पाखरू मुकं झालं तेव्हा या माणसाने दुसरा कुठलाच विचार केला नव्हता. तो थेट तिच्याकडे आला होता. म्हणजे नदीवरची शीळ त्याने मन लावून ऐकली होती. कदाचित संमेलनातल्या गाण्याबद्दलही त्याने खोदून खोदून विचारलं असेल. तो आवाज काय मोलाचा आहे हे त्या घरात सर्वांत आधी त्यालाच कळलं होतं, आणि कळूनच त्याने तो पडद्याआड बसवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी वन्सं स्टेशनाकडे निघाल्या. मामंजी ओसरीवर पाठमोरे बसून होते. जा म्हणाले नाहीत, थांब म्हणाले नाहीत; वळलेच नाहीत. उन्हं कलली तेव्हा त्यांनी भिंतीकडे पाहतच मला विचारलं, "कोनच्या गाडीनं येनार हाय ती?"

मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. सूप पुढ्यात घेऊन तांदूळ निवडत राहिले. स्टेशनाच्या बाजूने गाडीची चाहूल आली की ते मान किंचित वर करीत, आणि रस्ता रिकामा राहिला की ती पुन्हा खाली जाई. कान लावून बसलेल्या माणसाचा राग करणं किती कष्टाचं असतं, ते मला तेव्हा कळलं. तरी अंधार पडेपर्यंत मी तो केला.