पेंटरांचं अक्षर

आमच्या ह्यांना सगळे पेंटर म्हणतात. बाजारातल्या निम्म्या दुकानांचे बोर्ड ह्यांच्या हातचे. अक्षर असं टपोरं, की बघत राहावं. गिऱ्हाइकानं मजकूर कागदावर लिहून द्यायचा, मग हे त्यावर चौकोन पाडणार आणि रेघ न् रेघ पत्र्यावर उतरवणार. कागदात चूक असली तर चुकीसकट! "त्यांचा मजकूर, त्यांची मर्जी," म्हणायचे. मला मेलीला वाटायचं, केवढा सचोटीचा माणूस!

घरी पेपर मीच वाचून दाखवायची. ह्यांचा चष्मा नेमका तेव्हाच सापडायचा नाही. "तुझ्या तोंडून ऐकायला बरं वाटतं," म्हणायचे. ह्या वयातही मी लाजायची.

मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवायचं म्हणून मी नाव दिलं, तर म्हणे आधी शिकवणाऱ्यांचंच शिबिर. मी फणकारलेच. आम्ही काय शिकायला आलोय? शिबिराच्या बाईंनी फळ्यावर एक ओळ काढली, स्वतःच घडवलेल्या भलत्याच अक्षरांत. "उतरवून घ्या." मी हुबेहूब उतरवली.

"छान! आता वाचा."

निवृत्त पोस्टमास्तर खिसे चाचपत म्हणाले, "चष्मा घरी राहिला वाटतं." शेजारची नर्स मला म्हणाली, "तुम्हीच वाचा ना, तुमचा आवाज छान आहे." सगळे हसले.

बाई हसल्या नाहीत. "वाचता न येणारा माणूस हेच करतो. जन्मभर."

चष्मा. तुझ्या तोंडून. चुकीसकट. छे, काहीतरीच!

वर्गाच्या दारावर बोर्ड हवा होता, आणि काम अर्थातच ह्यांच्याकडे आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागदावर लिहिलं, 'हे रंगवू नका. आत या, चहा झालाय.' म्हटलं, वाचतील आणि "वेड लागलंय का?" म्हणून ओरडतील. ओरडा हो, एकदा ओरडाच! कागद हातात देऊन मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. चहा कपात ओतून ठेवला.

कितीतरी वेळानं हाक आली, "अगं, बघ तरी!"

निळ्या पत्र्यावर पांढरीशुभ्र अक्षरं. हे रंगवू नका. आत या, चहा झालाय.

संताप संताप झाला. माझ्यापासून लपवलंत? माझ्यापासून? आणि लगेच वाटलं, की एवढी वर्षं हा माणूस एकट्यानं हे ओझं वाहत होता.

"कसा झालाय? रंग वाळला की मीच जाऊन ठोकून येतो." हातोडी काढूनच ठेवली होती. सगळ्या वर्गासमोर ह्यांचं हसं झालं असतं.

हातोडी मी उचलून बाजूला ठेवली. ह्यांचं बोट धरलं आणि ओल्या रंगाला न लावता एकेका शब्दाखालून फिरवत सगळं वाचून दाखवलं. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पायरीवर मटकन बसले. माझ्याकडे बघेनात.

मग पत्र्याकडेच बघत म्हणाले, "म्हणजे... चहा गार झाला असेल."