तोडीची सुलट बाजू

"सर, तोडी आहे एवढं कळलं. तिची सुलट बाजू कुठली ते येऊन सांगा." माझी जुनी विद्यार्थिनी पद्मा हिचा सोलापूरहून फोन आला आणि मी तिकीट काढलं. संस्कृतच्या मास्तराला कुणी काही विचारायला बोलावतं, असं रोज घडत नाही.

पुण्याहून सकाळची गाडी धरली तर जेवणाच्या वेळेला पोचता. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला 'पूर्व भाग' एवढं म्हणायचं आणि मागांची खडखड ऐकू आली की उतरायचं.

पद्माचे वडील, नाना, भिंतीवर लावायची चित्रं मागावर विणत. शेवटचं विणलं ते एका रागमालेतल्या चित्रावरून. रागमालेत प्रत्येक रागाला माणसाचं रूप दिलेलं असतं आणि ते रूप कसं असावं हे सांगणारा श्लोकही असतो. वीणा घेतलेली बाई, भोवती हरणं, ही तोडी. कापड मागावरून उतरलं आणि महिन्याभरात वडील गेले. आता पद्मा गाण्याचा वर्ग काढतेय. तिथे ते लावायचं. चार वाजता फ्रेमवाला येणार आणि एक बाजू फळीला चिकटवणार. ती पुन्हा कुणाला दिसणार नाही.

अडचण अशी, की सोलापुरी चादरीसारखंच हेही दुहेरी विणलेलं. एका बाजूला काळ्यावर पांढरी बाई, उलटलं की पांढऱ्यावर काळी.

"पांढरी जमीन पुढे घे," मी निकाल दिला. "तोडी सकाळची. सकाळ काळी नसते."

"पण तिचं अंग बर्फासारखं गोरं, असं श्लोकात आहे ना? तुम्हीच फोनवर सांगितलंत, सर."

सांगितलं होतं खरं. म्हणजे गोरी बाई हवी तर सकाळ काळी, आणि सकाळ हवी तर बाई काळी. मी कापड उलटलं. परत उलटलं. हरणं दोन्हीकडून माझ्याकडेच बघत होती.

"आधी जेवून घ्या की, सर," पद्माची आई शेंगाचटणी वाढत म्हणाली. "ती कुटं पळून जात न्हाय."

कडक भाकरी, चटणी, वर दही. निर्णयशक्ती वाढते म्हणतात. माझी झोप वाढली. साडेतीन वाजले.

"नानांनी काय ठरवलं होतं?" मी शेवटी आईंनाच विचारलं.

"ठरवतंय कोण? मी शेजारी सुताच्या कांड्या भरत बसायची. विणताना काळी बाई वर असायची, तिच्याकडंच बघत विणायचे. गोरी खाली, मागाच्या पोटात. ती त्यांनी कापड उतरवल्यावरच बघितली."

"मग खरी कुठली?"

"दोन्ही त्यांनीच विणल्यात की."

पद्मा बराच वेळ काळ्या बाईवर हात ठेवून उभी राहिली. फ्रेमवाला आला तेव्हा तिनं त्याच्याकडून फक्त एक लाकडी दांडी घेतली. कापड वर्गाच्या दारात टांगलं.

"येणाऱ्या पोरांना गोरी दिसेल," ती म्हणाली. "मी आत बसणार. नाना बघायचे ती माझ्या बाजूला."

माझ्या मताची गरज कधी संपली ते कळलंच नाही. स्टेशनाकडे जाताना सोलापूरच्या नव्या पेठेतून एक चादर घेतली, गाडीत विचार करत बसलो: श्लोक लिहिणाऱ्यानं तोडी ऐकली होती की नुसती बघितली होती? आणि कुठल्या बाजूनं?

घरी बायकोनं चादर पलंगावर पसरली. "अहो, हिची सुलट बाजू कुठली?"

आठवडा झाला. चादर अजून घडी घालून खुर्चीवर आहे.